एक सीसी कमी

"गाडी किती सीसीची?" असं कुणी विचारलं की मला मळमळतं. गंमत अशी की हाच प्रश्न ऐकण्याचा मला पगार मिळतो. लातुरात एका तंत्रनिकेतनात मी पोरांना इंजिन शिकवते. सिलिंडर, पिस्टन, व्हॉल्व्ह, दरवर्षी तेच. आणि दरवर्षी पहिल्याच तासाला मागच्या बाकावरून कुणीतरी विचारतंच, "मॅडम, जास्त सीसी म्हणजे जास्त पॉवर ना?" पूर्वी मी हसून उत्तर द्यायचे. आता आधी पाण्याचा घोट घेते, मग तोंड उघडते. पोरांचा त्यात दोष नाही. दोष त्या माणसाचा आहे, ज्यानं आमच्याच घरात बसून, आमचाच शिरा खाऊन, दातात अडकलेला काजू आगकाडीनं कोरत हा प्रश्न आमच्या बापूंना विचारला होता.

बापू म्हणजे माझे वडील. अर्धापूरजवळ आमची केळीची बाग आहे. मी थोरली, लग्न न केलेली, म्हणून गावाच्या हिशेबी आधीच वाया गेलेली. धाकटी नायगावकडं एका शाळेत विज्ञान शिकवते. बोलायला गोड, डोक्यानं तल्लख, फक्त उंचीला बेताची. एवढ्यावरून किती स्थळं परत गेली, काय सांगू. येणारे यायचे, पोहे खायचे, आणि दारातून बाहेर पडताना आईच्या कानावर जाईल एवढ्या आवाजात म्हणायचे, "पोरगी चांगली हाय, पण बारकी हाय." जणू बैल बघायला आले होते मेले.

मग लातूरचं हे स्थळ आलं. मुलगा सरकारी नोकरीत, दिसायला बरा, बोलायला मऊ. धाकटीला तो आवडला. फोनवर तासन्‌तास बोलायची. तो तिला शाळेतल्या प्रयोगांबद्दल विचारायचा, ती गच्चीवर जाऊन हसत हसत सांगायची. तिला असं हसताना मी फार दिवसांनी ऐकत होते. म्हणून सुपारी फोडायच्या दिवशी त्याचा मामा पाहून माझ्या अंगावर काटा आला तरी मी गप्प बसले.

मुलाचे वडील होते, पण नावालाच. ते भिंतीवरच्या घड्याळाकडं बघत बसायचे. त्या घराचं तोंड म्हणजे हा मामा. पांढरे कडक कपडे, बोटात अंगठ्या, गालात कायम पुडी. आणि थुंकायला सोबत पाण्याची रिकामी बाटली. पाहुण्याच्या घरी भिंत रंगवायची नाही, एवढी सभ्यता होती म्हणा. पण ती बाटली! तळाशी तांबडं-काळं पाणी, वर फेस, आणि मामा बोलता बोलता ती तोंडाला लावून पिचकारी मारायचा, झाकण लावायचा आणि शेजारी न बघताच हात पुढं करायचा. शेजारी कोण? नवरदेव. तो मुकाट्यानं बाटली घ्यायचा आणि मांडीवर धरून बसायचा. शी! मी आईला स्वयंपाकघरात जाऊन सांगितलं, तर ती म्हणाली, "मोठ्या माणसाचा मान ठेवतंय लेकरू. संस्कार हायेत." आता बोला.

सुपारी फुटली, कुंकू लागलं, आणि शिऱ्याची दुसरी बशी संपल्यावर मामानं हळूच विषय काढला. "आमाला काई नको बगा. पोरगी अन् नारळ. आमची तसली घराणी न्हाईत. फक्त लेकराला हापिसात जायला-यायला एक गाडी असली म्हंजे तुमचाच मान राहतो. पण इंजिन मोठं पायजे हां. लहान सीसीची गाडी आमच्या दारात शोभत न्हाई. मग, गाडी किती सीसीची घेता?"

बापू मान हलवत होते. केळीच्या व्यापाऱ्याला तोंडावर चोर म्हणणारा माझा बाप, सोयऱ्यासमोर नंदीबैल झाला होता.

पाहुणे गेल्यावर मी भांडले. घसा बसेपर्यंत भांडले. हा हुंडाच आहे, गुन्हा आहे, उद्या हेच लोक अजून काही मागतील, सगळं बोलून झालं. बापू म्हणाले, "तू नको शिकवू. तुह्या वेळेला तुहं ऐकलं, काय झालं? बिनलग्नाचीच राहिलीस ना?" धाकटी माझा हात धरून बाहेर घेऊन गेली. केळीच्या बांधावर उभी राहून म्हणाली, "अक्का, तो लई चांगला हाय गं. मामाचं सोड. मला काय मामाशी संसार करायचाय?"

तिच्या त्या तोंडाकडं बघून मी माघार घेतली. गाडी द्यायचीच असेल तर निदान मी निवडीन, आणि धाकटीच्या नावावर घेईन, एवढं बापूंकडून कबूल करून घेतलं. ती चालवू शकेल अशी गाडी हवी होती. मी निवडली ती लहान टर्बो पेट्रोल. तीन सिलिंडर, हजार सीसीच्या आसपास, पण ताकद शंभर घोड्यांच्या वर.

बापूंना आधी पटेना. "हजार सीसी? मग चार माणसं बसल्यावर ओढंल का?"

मी त्यांना चुलीशेजारी नेलं. आमच्याकडं अंघोळीचं पाणी अजून परसातल्या चुलीवर तापतं. म्हटलं, "बापू, ही चूल केवढी हाय, ते म्हंजे सीसी. नुसती जागा. पिस्टन जेवढ्या जागेत खालीवर होतो तेवढ्या जागेचं माप. पण जाळ जागेवर असतो का वाऱ्यावर? मोठ्या चुलीत ओलं लाकूड कोंबलं अन् वारा न्हाई घातला, तर काय होतं?"

"धूर."

"अन् लहान चुलीला फुंकणी लावली तर?"

"भडकती."

"टर्बो म्हंजे फुंकणी. सिलिंडरमधे हवा दाबून कोंबायची. जास्त हवा, म्हंजे जास्त पेट्रोल जाळता येतं, म्हंजे जास्त ताकद. अन् फुंकायला वेगळं माणूस लागत न्हाई. इंजिनातून बाहेर पडणारा गरम धूरच त्या फुंकणीचा पंखा फिरवतो."

बापूंचे डोळे चमकले. "म्हंजे वाया चाललेल्या धुराला कामाला लावलं!" शेतकऱ्याला ही गोष्ट लगेच कळते. विहिरीवरची मोटार तो कधी वजनावरून जोखत नाही, पाणी किती फेकते ते बघतो. मी उत्साहात येऊन पुढचंही सांगितलं. हवा आत यायला आणि धूर बाहेर जायला सिलिंडरला दारं किती, इंजिन मिनिटाला किती फेरे घेतं, ठिणगीच्या आधी हवा किती आवळली जाते, आणि एवढं सगळं करून ते इंजिन केवढ्या जड गाडीला ओढतं. जुन्या घडणीचं मोठं धूड इंजिन नव्या घडणीच्या लहान इंजिनापुढं झोपतं ते यामुळं. बापू म्हणाले, "मूर्ती लहान, कीर्ती महान." आणि धाकटीकडं बघून हसले.

गाडी आली. चाकाखाली लिंबू, बोनेटवर हार, सगळं झालं. धाकटी स्कूटर चालवायचीच, कॉलेजच्या सुट्टीत गावी राहून मी तिला पंधरवड्यात गाडीही शिकवली. नांदेडचा रस्ता, भोकर फाटा, रोज संध्याकाळी. बापू शेजारी बसायचे आणि डॅशबोर्ड दोन्ही हातांनी धरून एकच जप करायचे, "हळू, बाई, हळू." ती हळूच चालवायची, तरी जप चालूच.

मग एक दिवस मामा मंडळी गाडी बघायला आली. हो, गाडी बघायला. पोरगी बघायचा कार्यक्रम एकदा झाला होता, हा गाडीचा. मामानं टायरला लाथ मारली. दार उघडून धाडकन आपटलं आणि म्हणाला, "पत्रा पातळ हाय." बोनेट उघडायला लावलं, आत डोकावला आणि नाक मुरडलं. "एवढंसंच? बाकी जागा रिकामी ठेवली कंपनीनं." मग म्हणाला, "आरसी बगू."

बापूंनी गाडीच्या नोंदणीचं कार्ड दिलं. मामानं चष्मा कपाळावर नेला, कार्ड डोळ्यांजवळ धरलं, आणि त्याचं तोंड एकदम असं झालं की मला वाटलं पुडीतला खडा दाताखाली आला.

"नऊशे नव्व्याण्णव?"

"हाव," बापू म्हणाले. "म्हंजे हजारच."

"हजारच कशाचं? एक कमी हाय की! सोयरे, आपण बारशाला जरी गेलो तरी पाकिटात वर एक ठेवतो. एकशे एक, पाचशे एक. एक कमी कुणी देतं का? तुमी सोयऱ्याला नऊशे नव्व्याण्णव देऊन राहिलाव? चार माणसांत काय म्हणावं आमी?"

मला आधी वाटलं, हा गंमत करतोय. नाही हो! माणूस मनापासून दुखावला होता. त्याच्या मागं मुलाचे वडीलही पहिल्यांदा मनगटावरच्या घड्याळावरून नजर काढून गंभीर झाले. सिलिंडरच्या मापाला ही माणसं आहेराचा शकुन लावत होती. पिस्टनच्या माथ्याचं क्षेत्रफळ, त्याची चाल आणि सिलिंडरची संख्या यांचा गुणाकार, त्यात वर एक ठेवायचा राहिला म्हणून आमच्या घराण्याची इज्जत कमी पडली होती. ऐकावं ते नवलच.

पण खरी शिसारी मला त्यानंतर आली. बापूंनी मला बाजूला ओढलं. घाम फुटला होता त्यांना. माझ्या कानाशी येऊन ते विचारतात, "अक्के, शोरूमवाले एक सीसी वाढवून देत न्हाईत का गं?"

चूल, फुंकणी, सगळं समजलेला माणूस! मुलीचं लग्न म्हटलं की शहाण्यासुरत्या बापाच्या डोक्याचं असं पाणी होतं, आणि ते पाणी पिऊन मामासारखे लोक फुगतात. मला त्या क्षणी दोघांचीही किळस आली, आणि बापूंची येतेय म्हणून रडूही आलं.

मग मी मामाला तोंडावर सांगितलं. तेच चूल-फुंकणीचं. म्हटलं, "तुमची जीप अडीच हजार सीसीची हाय ना? ताकद साठ-पासष्ट घोडे. ही तिच्या निम्म्याहून लहान, अन् घोडे जवळपास दुप्पट."

मामा हसला. बाटलीत पिचकारी मारली, नवरदेवाकडं दिली आणि म्हणाला, "मॅडम, तुमचं पुस्तकात बरोबर असंल. रोडवर वजन बोलतं. बस्त्याला जाताना बगू की चढावर, कोण बोलतं ते."

बस्ता, म्हणजे लग्नाचे कपडे घ्यायला दोन्हीकडच्यांनी मिळून लातूरला जायचं ठरलं होतं. पण मामाच्या डोक्यात तो चढ होता, म्हणून त्या दिवशी ते मुद्दाम सकाळीच जीप घेऊन अर्धापूरला आले, आणि दोन्ही गाड्या सोबत निघाल्या. जीपमध्ये मामा आणि त्यांची माणसं. आमच्या गाडीत धाकटी चालवायला, शेजारी बापू, मागं मी आणि नवरदेव. तो हट्टानं आमच्या गाडीत आला होता, याचं मला बरं वाटलं. लोह्यापर्यंत दोघं आरशातून एकमेकांकडं बघून हसत होती. मी खिडकीबाहेर बघत होते, जसं थोरल्या बहिणीनं बघावं.

लोह्याच्या पुढं रस्ता चढाला लागला. जीप पुढं होती. तिनं एक गिअर टाकला, मग दुसरा खालचा टाकला, कण्हायला लागली, आणि मागून काळ्या धुराचा असा लोट निघाला की समोरचा रस्ता दिसेना. ओलं लाकूड कोंबलेली चूल, दुसरं काय. बडा घर, पोकळ वासा. धाकटीनं रस्ता मोकळा बघितला, इंडिकेटर दिला आणि पाय दाबला. क्षणभर काही नाही, मग टर्बोनं दम घेतला आणि गाडी चारही माणसांसकट अशी वर गेली की बापू "हळू" म्हणायचं विसरले. जीप मागं पडली. मी मोठ्यानं हसले. धाकटीही हसली.

नवरदेवाचा फोन वाजला. त्यानं कानाला लावला आणि त्याचा चेहरा उतरला. पलीकडचा मामाचा आवाज मला नीट ऐकू येत होता. "लाज न्हाई का रे तुला? पोरीला पुढं काढायला लावतोस? लग्नाआधीच पुढं?"

त्यानं फोन ठेवला. म्हणाला, "जरा बाजूला घ्या. मामांना पुढं जाऊ द्या."

"काऊन?" धाकटीनं विचारलं.

"मोठे हायेत. नाराज होतील. हळू चालवा तुम्ही."

तिनं आरशातून त्याच्याकडं बघितलं. मग गाडी कडेला घेतली. जीप खोकत खोकत आली, आमच्या शेजारून जाताना हॉर्न वाजवला, आणि उरलेला सगळा चढ आम्ही तिच्या मागं रांगत चढलो. काचा बंद केल्या तरी तो वास आत यायचा, डिझेलचा, कडू, घशाला चिकटणारा. बापूंनी उपरणं नाकाला लावलं होतं. नवरदेव फोनमध्ये डोकं घालून बसला होता.

अहमदपूरच्या अलीकडं मामानं एका हॉटेलावर गाडी थांबवली. भजी आली, चहा आला. मी मनात म्हटलं, आता हा काहीतरी खुसपट काढणार. तर मामा म्हणाला, "मॅडम, कबूल. मानलं तुमाला. टर्बोत दम हाय."

खोटं कशाला सांगू, मला आनंद झाला. इतकी वर्षं शिकवते, पण एखादं दगडी डोकं समोर फुटलेलं बघायचं सुख वेगळंच.

मामानं भजं तोंडात टाकलं आणि बापूंकडं वळला. "तर सोयरे, मॅडमनीच शिकवलं आता. हजार सीसीत एवढा दम, तर दोन हजारात टर्बो किती? ही गाडी परत करा. दोन हजारची टर्बो घ्या. चूल बी मोठी द्या, फुंकणी बी द्या. अन् वर एक सीसी असू द्या, शकुनाचा."

आणि सगळे हसले. सगळे! भज्याचं तेल ओठांवर, हसताना पोटं हलतायत.

सगळ्यात घाण गोष्ट कोणती, सांगू? उत्तर बरोबर होतं. घडण सारखी असेल तर मोठ्या जागेत ताकद जास्त, हे खरंच आहे. माझ्या वर्गात हे उत्तर आलं असतं तर मी पूर्ण मार्क दिले असते. मी जे शिकवलं ते त्यानं नीट चावलं, गिळलं आणि त्याच तोंडानं अजून मागितलं. शेळी जाते जिवानिशी, खाणारा म्हणतो वातड. माझ्या हातातला चहा मी तसाच खाली ठेवला.

बापू हिशेब करत होते, मला दिसत होतं. केळी कधी उतरेल, गाडी परत कशी करायची, कुणाला काय सांगायचं. सोयरीक मोडली तर धाकटीचं कसं व्हायचं, हा एकच प्रश्न त्या माणसाच्या कपाळावर होता.

धाकटीनं नवरदेवाकडं बघितलं. शांतपणे विचारलं, "तुमचं काय म्हणणं हाय?"

आम्ही सगळे त्याच्याकडं बघायला लागलो. मी तर देवाला हात जोडले होते मनातल्या मनात. बोल रे बाबा, एक शब्द बोल. नुसतं 'राहू द्या मामा' म्हण. ती तेवढ्यावर तुझ्याबरोबर जन्मभर चालली असती.

तो जरा घुटमळला. मामाकडं बघितलं. मग मला विचारलं, "अक्का, दोन हजारवाली ॲव्हरेज किती देती?"

मला वाटलं, मी चुकीचं ऐकलं.

तेवढ्यात मामानं सवयीनं बाटलीत पिचकारी मारली, झाकण लावलं आणि न बघता हात पुढं केला. नवरदेवाच्या एका हातात बशी, एका हातात कप. त्यानं कप खाली ठेवला, बाटली घेतली, आणि वळून धाकटीपुढं धरली. "धरा की जरा," तो म्हणाला. अगदी मऊ आवाजात. फोनवर बोलायचा त्याच आवाजात.

तिनं ती घेतली. मी उठणार होते, तर तिनं डोळ्यांनीच मला बसवलं. बाटली हातात घेऊन तिनं आतलं ते तांबडं पाणी नीट बघितलं. मग उठली, जीपपाशी गेली, बाटली बोनेटवर बरोबर मधोमध उभी ठेवली, आणि नळावर जाऊन दोन्ही हात मनगटापर्यंत धुतले. परत येऊन म्हणाली, "बापू, बस्ता न्हाई बांधायचा. चला घरी."

मामा ताडकन उठला. "सोयरे, पोरीला समजवा! सुपारी फुटलेली हाय!"

बापूंनी बशीतलं भजं परत ताटात ठेवलं. बोटं उपरण्याला पुसली. मला भीती वाटली की आता हे मामाचे पाय धरतात का काय. ते उठले, टोपी नीट केली आणि म्हणाले, "राम राम, पाव्हणं." बस, एवढंच. आणि गाडीच्या पुढच्या दारापाशी जाऊन उभे राहिले.

परत फिरलो. धाकटी चालवत होती, गालांवरून पाणी वाहत होतं, पण हात स्टिअरिंगवर घट्ट होते. मागून शिव्या आणि हॉर्न काही अंतर ऐकू आले, मग बंद झाले. मी तिला म्हटलं, मी चालवते, तर मान हलवून नाही म्हणाली. पुढं एका चढावर उसाची ट्रॉली होती. ट्रॉलीमागं धाकटी हळूहळू जात राहिली. समोरून काही येत नव्हतं, तरी ती मागंच. बापूंनी एकदा ट्रॉलीकडं बघितलं, एकदा तिच्याकडं. डॅशबोर्डवरचे दोन्ही हात काढून मांडीवर ठेवले.

"हळू काऊन चालवून राहिलीस?" ते म्हणाले. "घे की पुढं."

लोक अजून बोलतात. गाडीवरून सोयरीक मोडली म्हणतात, पोरगी गाडी चालवती म्हणून मोडली म्हणतात, थोरलीनं कान भरले असंही म्हणतात. बोला म्हणावं. धाकटी त्याच गाडीनं रोज नायगावला शाळेत जाते. तिचं लग्न झालेलं नाही, आणि त्या दिवसानंतर फार दिवस ती गच्चीवर गेली नाही, हेही खरं आहे. मी तिला वाघीण-बिघीण म्हणणार नाही. तिला तो आवडला होता.

परवा लातुरात सिग्नलला माझ्या शेजारी कुणीतरी बोंबलल्यासारखा हॉर्न वाजवला. बाजूला बघितलं तर भली मोठी पांढरी गाडी. दोन हजार सीसी, टर्बो, पत्रा जाड. आरशाला लग्नाच्या फुलांची वाळकी दोरी अजून लटकलेली. स्टिअरिंगवर मामा, गालात पुडी. शेजारी नवरदेव, फोनमध्ये डोकं. मागच्या सीटवर एकटी नवी नवरी, हातभर हिरवा चुडा, वीस-बावीसची असेल नसेल. काचेतून बाहेर बघत होती. तिनं माझ्याकडं बघितलं आणि ओळख नसताना उगाच हसली. सिग्नल सुटला आणि ते एवढं मोठं इंजिन गुरगुरत पुढं गेलं.

घरी येऊन मी धाकटीला फोन केला. सगळं सांगितलं. गाडी कोणती, कुणी चालवत होतं, कोण कुठं बसलं होतं. ती ऐकत राहिली. मग तिनं एकच विचारलं.

"अक्का, बाटली कुणाच्या हातात होती?"

मी म्हटलं, "तिच्या."